दगडोबाराजांचं घरकुल

घरकुलाच्या पाहणीला इंजिनियर मॅडम मंगळवारी येणार, ही गोष्ट दगडोबाराजांनी कोणालाही सांगायची नव्हती. द्वारकाबाईंनी तसं बजावलं होतं आणि राजांनी ते पाळलंही. त्यांनी फक्त ट्रॅक्टरवाल्या व्यंकटरावांना सांगितलं, तेही व्यंकटरावांनी विचारलं म्हणून.

राजे म्हणजे खरोखरचे राजे. आखाडा बाळापूरवरून आत वळलं की लागणारी खरबडी आणि आजूबाजूची अडीच गावं, एवढं त्यांच्या पणजोबांचं राज्य. वर निजामाला सलाम करायचा आणि खाली सगळ्यांचे सलाम घ्यायचे, असा कारभार. पुढे राज्य गेलं, जमीन कज्ज्यांत गेली, अर्धं गाव धरणात गेलं. सलाम तेवढे राहिले. आता राजे हंगामात बाळापूरच्या जिनिंगवर वॉचमन असतात आणि राणीसाहेब द्वारकाबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. राहायला दोन खोल्यांचं मातीचं घर. त्याची मागची भिंत पोट पुढे काढून उभी, तिला बाहेरून बाभळीचा टेकू. त्या भिंतीखाली झोपणं द्वारकाबाईंनी केव्हाच सोडलं होतं. राजे मात्र तिथेच झोपत. भिंतीनं आजवर मान राखलाय, असं त्यांचं म्हणणं.

पंचायत समितीत खेटे घालून द्वारकाबाईंच्या चपलांचे अंगठे तुटले, तेव्हा कुठे यादीत नाव आलं होतं. या खेपेला हुकलं तर पुन्हा नाव कधी येईल ते सांगता येत नव्हतं, आणि भिंत तोवर थांबेल असं दिसत नव्हतं.

मंगळवारी खिचडी उतरवून त्या लगबगीनं घरी आल्या, तर दारात लाल गालिचा. चाँद पाशा मंडपवाले गुडघ्यावर बसून त्याच्या सुरकुत्या काढत होते. आत, चुलीशेजारी, लग्नात नवरा-नवरी बसतात त्या दोन सोनेरी महाराजा खुर्च्या.

"चाँदभाई, हे काय करून राहिले?"

"राणीसाहेब, सरकारचा माणूस येणार आन् आपले राजे फाटक्या पोत्यावर बसलेले दिसणार? गावाची काही इज्जत हाय का न्हाई?"

"आवो, ते फाटकं पोतंच बघायला येऊन राहिली ती."

चाँद पाशांनी क्षणभर विचार केला. "मग ते गालिच्याखाली हातरू," ते म्हणाले.

तेवढ्यात गुलाबचंद किराणावाल्यांचा फ्रिज हातगाड्यावरून आला. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांसकट आला. मॅडमला राजांच्या घरी कोमट पाणी मिळालं असतं तर गुलाबचंदांना रात्री झोप लागली नसती. शेजारच्या निर्मलाबाईंच्या घरून वायर ओढून तो चालूही झाला. मागोमाग धुऊन-पुसून हार घातलेला ट्रॅक्टर घेऊन व्यंकटराव आले आणि तो त्यांनी बरोबर दारासमोर, फोटोत येईल असा लावला.

द्वारकाबाई आत गेल्या. राजे पगडी बांधत होते.

"हे सगळं परत करा."

"नजर हाय ती," राजे म्हणाले. "रयतेनं दिलेली नजर दिवस मावळायच्या आत परत करता येत न्हाई. मावळल्यावर विडा देऊन करायची."

"काहून?"

"आजोबांनी एकदा एकाची शेळी दुपारीच परत केली. त्या साली टोळधाड आली."

"आन् मॅडम दुपारीच येऊन राहिली, त्याचं काय?"

राजांनी मिशीवरून हात फिरवला. राज्य जाताना घराण्यानं नेमकं हेच केलं असणार, असं द्वारकाबाईंना वाटलं.

निलम मॅडम स्कुटीवरून आल्या. वय कमी, ऊन जास्त, तोंडाला स्कार्फ. गालिचा बघून त्यांनी गाडी जरा लांबच उभी केली आणि लग्न कोणाचं म्हणून विचारलं. लग्न नाही, इथलीच पाहणी आहे, असं कळल्यावर त्यांनी मोबाईल काढला.

"काका, ट्रॅक्टर तुमचा का?"

'काका' ऐकून गर्दीतल्या दोघातिघांनी डोळे मिटून घेतले. राजे काही बोलायच्या आत द्वारकाबाई पुढे झाल्या. ट्रॅक्टर कोणाचा, फ्रिज कोणाचा, खुर्च्या कोणाच्या, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. परवाच एका घरी फ्रिज मेहुण्याचा, जीप साडूची आणि वरचा मजला भावाचा निघाला होता, असं त्या म्हणाल्या. ज्यांच्या वस्तू असतील त्यांनी समोर येऊन सांगावं, म्हणजे प्रश्न मिटेल.

प्रश्न तिथेच वाढला. दिलेली नजर राजांच्या तोंडावर माझी म्हणायची, एवढा निर्लज्जपणा खरबडीत अजून कोणी केला नव्हता.

"ट्रॅक्टर राजांचा," व्यंकटराव खाली बघत म्हणाले.

"मागं तर तुमच्या पोरांची नावं रंगवलीत," द्वारकाबाई म्हणाल्या.

"नावं राजांनीच ठेवलेली हायत."

द्वारकाबाईंनी महाराजा खुर्ची खसकन फिरवून तिच्या पाठीवरचं 'चाँद पाशा मंडप डेकोरेशन' दाखवलं. मॅडमनी चाँद पाशांकडे पाहिलं.

"आता ज्यांचं राज्य, त्यांचाच मंडप," चाँद पाशा म्हणाले. "मी आपला सांभाळतो."

मॅडमनी मोबाईलमध्ये 'मंडप व्यवसाय' असं टिपलं. गुलाबचंदांनी आपलं दुकान मुळात राजांच्याच जागेवर असल्याचं नम्रपणे सांगितलं. मॅडमनी 'किराणा' टिपलं. अर्ध्या तासात राजांची सांपत्तिक स्थिती पणजोबांच्या काळापेक्षा बरी झाली होती.

द्वारकाबाई खुर्चीच्या हातावर टेकल्या. मग नवऱ्याला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या नावानं हाक मारली.

"राजे, तुमी राजे हाव का न्हाई?"

"हाव की."

"मग सोडा की एखादा हुकूम. टोळधाड आली तं मी बघून घेते."

राजे उभे राहिले. हुकूम त्यांनी कधी सोडलाच नव्हता. जिनिंगच्या गेटवर ते ट्रकांना थांबा म्हणत, पण ट्रक थांबत नसत. त्यांनी पगडी सारखी केली आणि घसा खाकरला.

"ज्याचं त्यानं न्या. आत्ताच्या आत्ता. घरात दुसऱ्याची काडी राहता कामा न्हाई. हुकूम हाय."

गाव अंतर्बाह्य शहारलं. राज्य गेल्यापासूनचा हा पहिला हुकूम होता. गालिचा गुंडाळला गेला, फ्रिज निघाला, ट्रॅक्टर मागे सरकला, खुर्च्या डोक्यावरून गेल्या. मॅडमनी आधीचं टिपलेलं सगळं पुसलं. द्वारकाबाईंचा जीव भांड्यात पडला.

पण भांडंही निर्मलाबाईंचं निघालं. त्या हंडा घेऊन गेल्या. मागोमाग कोणी बाज उचलली, कोणी कंदील. किसनरावांनी नवं घर बांधताना जुनं दार राजांना बसवून दिलं होतं, ते त्यांनी बिजागरीसकट काढलं. तोवर व्यंकटराव दोन गडी घेऊन छपरावर चढले होते.

"व्यंकटराव, तुमचे पत्रे तरी राहू द्या," द्वारकाबाई खालून म्हणाल्या.

"राणीसाहेब, काडी ठिवायची न्हाई म्हनले राजे. हे तं पत्रे हायत."

बाभळीचा टेकू कोणाचा, हे कोणालाच नीट आठवत नव्हतं. पण हुकमाच्या भीतीनं एकानं तो आपलाच म्हणून नेला. मागची भिंत थोडा वेळ विचारात उभी राहिली, मग म्हातारी बाई बसते तशी हळूच खाली बसली. धुरळा खाली बसेपर्यंत मॅडम थांबल्या. पगडीतले राजे, खिचडीचे डाग पडलेल्या लुगड्यातल्या राणीसाहेब, मागं चूल आणि तिच्या मागं सरळ किसनरावांचं हळदीचं रान, असा फोटो त्यांनी काढला. मोबाईल छताचा प्रकार विचारत होता. 'छत नाही' असा पर्याय त्यात नव्हता, तेव्हा त्यांनी 'कच्चे' वर बोट ठेवलं.

"बसताय काका तुम्ही निकषात," त्या म्हणाल्या. "पहिला हप्ता येईल खात्यावर. महिना-दोन महिने धरा."

मॅडम गेल्या. राजे कृतार्थ होऊन उघड्यावर उभे राहिले. "बगितलं का," ते म्हणाले, "अजून मानतेत."

द्वारकाबाई तडक व्यंकटरावांच्या घरी गेल्या. पत्रे तोवर गोठ्यावर चढले होते आणि खिळेही ठोकून झाले होते. व्यंकटरावांना फार वाईट वाटलं. राजांसाठी वाड्यातली माडी मोकळी करतो, असं ते हात जोडून म्हणाले. माडी घेतली तर उद्या मॅडमच्या मोबाईलमध्ये माडीही येईल, हे द्वारकाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी गोठ्यातला रिकामा खण मागून घेतला.

दिवस मावळायला राजघराणं आपल्याच पत्र्यांखाली राहायला गेलं. राजे पगडी सांभाळत, वाकून दारातून आत आले आणि तिथेच थांबले. दोन बैल रवंथ करत बसले होते. त्यांनी राजांकडे एकदा पाहिलं आणि ते बसूनच राहिले.

"या आत," पोतं हातरत द्वारकाबाई म्हणाल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं. "इथं तुमच्यासाठी कोणी उठत न्हाई."