वस्ती पारखणारी वाटी

एखादी वस्ती राहण्याजोगी आहे की नाही, हे मी एका रिकाम्या वाटीवरून सांगू शकते. हसू नका! तुम्ही लोक फोनवर नकाशे बघता, शाळा किती लांब, दवाखाना किती जवळ, चोऱ्या किती झाल्या ते तपासता. मला एवढं काही लागत नाही. वाटी घ्यायची, दार ठोठावायचं आणि म्हणायचं, "नवीन राहायला आलोय हो, वाटीभर साखर मिळेल का?" दार किती उघडतं, वाटी किती भरते आणि भरताना समोरच्याचं तोंड कसं होतं, एवढं बघितलं की आख्खी गल्ली कळते!

ही युक्ती माझ्या सासूबाईंची. लग्नानंतर आम्ही एका खोलीच्या बिऱ्हाडात गेलो, तेव्हा सामान उतरायच्या आधी त्यांनी माझ्या हातात वाटी दिली होती.

"जा, बघून ये."

"काय बघू?"

"माणसं!"

समोरच्या बाईने वाटी तर भरलीच, वर माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप आहे की गं तुला!" आणि मला तिथेच झोपवलं. सासूबाई शोधत आल्या, तर मी परक्या घरात पांघरूण घेऊन गाढ! "सामान उतरवा रे," त्या म्हणाल्या. माझी दोन्ही मुलं त्याच गल्लीत लहानाची मोठी झाली. ते पांघरूणसुद्धा मला आठवतं. निळं होतं, कडेला पांढरी पट्टी. माझी स्मरणशक्ती म्हणजे दलदल आहे; आत गेलेलं पुन्हा बाहेर पडत नाही. हे ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

तर झालं असं, की घरमालकाने आम्हाला घर सोडायला सांगितलं, आणि मुलगा, सून घर शोधायला लागले. जेवायला बसलं की तोच विषय! जे मुलाला परवडायचं ते सुनेला धोक्याचं वाटायचं, आणि जे तिला पसंत पडायचं त्याच्या भाड्याने मुलाला ठसका लागायचा.

"त्या रस्त्यावर दिवेच नाहीत हो! ठकीला घेऊन यायचं कसं?"

"आणि तुझ्या त्या रस्त्यावर दिवे आहेत, पण भाडं ऐकून माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी येतेय!"

ठकी म्हणजे माझी नात. चार वर्षांची आहे आणि आमच्या घरात तिचंच चालतं.

शेवटी दोघांचं टेकडीवरच्या नव्या संकुलावर एकमत झालं. मोठं फाटक, पहारेकरी, कॅमेरे, मुलांना घसरगुंडी. भाडं मात्र असं की घ्यायचं ते सगळ्यात लहान घर. एक खोली आणि स्वयंपाकघर.

"मग आईचं काय?" मुलगा हळूच म्हणाला. माझे कान अजून शाबूत आहेत.

"ताईंकडे राहतील ना काही दिवस," सून म्हणाली. तिचाही आवाज काही सुखाचा नव्हता, खोटं कशाला बोलू?

ताई म्हणजे माझी लेक. दुसऱ्या गावी असते. लेक गुणाची आहे, जावईही भला आहे. पण तिथे ठकी नाही! माझा कान मुठीत धरल्याशिवाय जिला झोप येत नाही, ती टेकडीवर कोणाचा कान धरणार? आणि मी माझा मोकळा कान घेऊन काय करू?

त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टेकेना. बसले की उठावंसं वाटे, उठले की चालावंसं वाटे. भाजी निवडताना देठं पातेल्यात आणि पानं केरात! सून म्हणाली, "आई, तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?"

शनिवारी जेवणं उरकून तिघं निघाली. एजंटबरोबर घर पुन्हा एकदा बघायचं आणि संध्याकाळी आगाऊ रक्कम देऊन मोकळं व्हायचं, असा बेत होता.

"आई, तुम्ही आराम करा हं."

आराम! त्यांची पाठ वळली आणि मी वाटी पिशवीत टाकली. फोन चार्जिंगला लावलेला होता, तो तिथेच राहिला. संध्याकाळच्या आत मला अशी वस्ती शोधायची होती, जी मुलाला परवडेल, सुनेला पटेल आणि जिथे माझी गादी मावेल!

पहिल्या ठिकाणी फाटकातच अडवलं.

"कोणाकडे जायचंय?"

"कोणाकडेही चालेल."

"नाव काय त्यांचं?"

"ते मला काय माहीत! तुम्हीच सांगा की, मनमिळाऊ कोण आहे तुमच्यात?"

पहारेकऱ्याने फाटक होतं त्याहून जास्त बंद केलं. ही वस्ती बाद!

दुसऱ्या ठिकाणी घंटा वाजवली, तर दाराआडून आवाज आला, "नको!"

"अहो, मी काही विकायला आले नाही!"

"मग तर मुळीच नको!"

तीही बाद. एव्हाना ऊन कलायला लागलं आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. मी चालत नव्हते, जवळजवळ पळत होते. अशीच एका गल्लीत वळले. तोंडाशी पंक्चरचं दुकान, दोन्ही बाजूंना जुनी पण नेटकी घरं, आणि एका तळमजल्यावर उघड्या दारात शिलाईचं मशीन घेऊन बसलेली बाई. दार ठोठावायची सोयच नाही!

"या आजी! उन्हात का उभ्या?" शिलाईवालीने मशीन थांबवलं.

मी वाटी पुढे केली. "नवीन राहायला आलोय हो, वाटीभर साखर मिळेल का?"

"हो, घ्या ना! कुठे राहायला आलात?"

"इथेच वर. तिसऱ्या मजल्यावर."

शिलाईवालीने वर बघितलं. मीही बघितलं. मेले दोनच मजले होते! वर गच्ची आणि गच्चीवर पाण्याची टाकी.

"म्हणजे... ह्या शेजारच्या इमारतीत," मी सावरून घेतलं.

"ती लाकडाची वखार आहे, आजी."

"मग ती समोरची. हिरव्या दाराची."

"ते माझं घर आहे," पंक्चरवाला टायरमधून मान वर काढून म्हणाला.

शिलाईवालीचा चेहरा उन्हातल्या लोण्यासारखा विरघळला. लहान मुलांशी बोलताना काढतात तसला आवाज काढून ती म्हणाली, "बसा हं आजी. अजिबात घाबरायचं नाही. आपण शोधू हं तुमचं घर."

"अहो, हरवले नाहीये मी!"

"नाहीच मुळी! कोण म्हणतं?" असं म्हणत तिने मला खुर्चीत बसवलं आणि पंक्चरवाल्याला खूण केली. "हेडबाईंना बोलाव. पळ!"

हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वखारीपलीकडच्या घरात राहणाऱ्या. आल्या त्या चष्मा सरसावत, आणि त्यांच्यामागून अर्धी गल्ली. माझ्या डोक्यावर कोणीतरी पंखा लावला, हातात पाणी आलं, पायाखाली पाट आला. आणि ह्या गडबडीत कोणीतरी माझी वाटी शिगोशीग भरून मांडीवर ठेवली! मी मनात म्हटलं, वस्ती पास! पण आता निकाल ऐकायला होतं कोण?

"आज वार कोणता, आजी?" हेडबाईंनी विचारलं.

"शनिवार!"

"शाब्बास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"घरचा फोन नंबर सांगाल?"

मी घडाघडा सांगितला. हेडबाईंनी लिहून घेतला आणि कपाळाला आठी घातली. "हा तर फारच छोटा आहे."

खरंच की! घाईत माझ्या तोंडून त्या जुन्या बिऱ्हाडातल्या, भिंतीवरच्या काळ्या फोनचा नंबर गेला होता. तो फोन बंद होऊन जग उलटंपालटं झालं, पण नंबर अजून जिभेवर!

"बरं, मुलाचा नंबर?"

"त्याला नंबर कशाला लागतो? त्याच्या फोटोवर बोट ठेवलं की तो बोलायला लागतो."

हेडबाईंनी शिलाईवालीकडे पाहिलं. शिलाईवालीने डोळ्यांना ओढणी लावली.

आता मात्र मी उसळले. "अहो, मला काहीही झालेलं नाही! तुमच्या गल्लीची परीक्षा घ्यायला आलेय मी!"

"हो हो, घ्या हं परीक्षा," हेडबाई मायेने म्हणाल्या. "आधी थोडं खाऊन घ्या."

नशीब, राहता पत्ता मला पाठ होता. तो मी सांगितला आणि पंक्चरवाला सायकल दामटत गेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो परत आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"घराला कुलूप आहे. शेजारीण म्हणाली, ते लोक घर सोडतायत. म्हटलं, आणि आजी? तर म्हणे, त्यांना लेकीकडे पाठवायचं ठरलंय, गेल्यासुद्धा असतील."

म्हणजे शेजारपाजारी सांगूनही झालं होतं! बोलायला गेले, तर शब्दच फुटेना. आणि नेमका तोच पुरावा ठरला!

"टाकून दिलं हो म्हातारीला!" शिलाईवाली कडाडली.

"लेकीकडे म्हणे! रस्त्यावर सोडून गेले!" पंक्चरवाल्याने पाना उचलला.

"थांबा!" हेडबाई म्हणाल्या. "शिस्तीत होऊ द्या. आजी, इकडे बघा."

त्यांनी माझा फोटो काढला. मी सवयीने केस नीट केले आणि हसलेसुद्धा! मांडीवर साखरेची वाटी. खाली मजकूर टाकला: 'विस्मरण झालेल्या आजी सापडल्या आहेत. स्वभाव गोड. घरच्यांनी सोडून दिल्याचा दाट संशय.' आणि धाडला सगळीकडे.

पुढचं मला नंतर कळलं. तिकडे टेकडीवर एजंट सुनेला कॅमेरे दाखवत होता. "मॅडम, इथे माशीसुद्धा विचारल्याशिवाय आत येत नाही." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने बघितलं, जिभेने च्च च्च केलं आणि फोन मुलापुढे धरला. "काय एकेक माणसं असतात बघा, साहेब! जन्मदात्या आईला..."

"आई!" मुलगा ओरडला.

"तेच म्हणतोय मी! आईला..."

"अहो, ही माझी आई आहे!"

एजंट म्हणे चार पावलं मागे सरकला.

रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा लोक दोन्ही बाजूंना उभे होते. मुलगा घामाघूम, सून रडवेली, ठकी मजेत.

"तिथेच थांबा!" हेडबाईंनी मुलाला अडवलं. "आधी ओळख पटू द्या. आजी, नीट बघून सांगा. हा कोण?"

सगळी गल्ली श्वास रोखून उभी. मी मुलाकडे बघितलं. ते 'काही दिवस' मला आठवले. शेजारीण आठवली. सांगितलंच आहे, माझी स्मरणशक्ती दांडगी!

"ओळखीचा वाटतो," मी म्हणाले.

"आई!!"

"बघा!" शिलाईवाली गरजली. "पोटच्या पोराला विसरली बिचारी! काय हाल केले असतील तुम्ही!"

पंक्चरवाला पाना घेऊन पुढे आला, तेव्हा मात्र माझं काळीज हललं. पण मी तोंड उघडण्याआधी ठकी सगळ्यांच्या पायांमधून घुसली, माझ्या मांडीवर चढली, साखरेत बोट घालून चाटलं आणि दुसऱ्या हाताने माझा कान धरला.

"आजी, आपण इथे राहायचं?"

सून माझ्यासमोर पाटावरच बसली. "आई, तुम्ही कुठे गेला होतात?"

"तुम्हाला घर शोधायला," मी म्हटलं. "तीन खोल्यांचं."

तिला सगळं समजलं. तिचे डोळे भरले, मग माझे भरले, आणि शिलाईवालीचे तर आधीपासूनच वाहत होते. हेडबाईंनी चष्मा पुसला. त्यांचा वरचा मजला रिकामाच होता. तीन खोल्या, जुन्या आहेत, नळ जरा कुरकुरतो. भाडं ऐकून मुलाने चक्क पुन्हा एकदा विचारलं. त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली!

"एक अट आहे," हेडबाई म्हणाल्या. "आजी इथेच राहतील. मी रोज बघणार आहे."

सुनेने मान डोलावली. "इथे आई हरवल्या तर पाच मिनिटांत सापडतील. तिकडे कोणी विचारलंही नसतं."

तर आता आम्ही तिथेच राहतो. वस्ती सुरक्षित आहे, याची मी छातीठोक खात्री देते! इतकी सुरक्षित, की मला गल्लीच्या टोकापुढे जाता येत नाही. दुधाला निघाले की पंक्चरवाला हात धरून वळवतो, "आजी, घर इकडे." सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने मला पोचवायला येतं. शिलाईवाली रोज सकाळी वार विचारते. मी कितीही सांगितलं की मला काही झालेलं नाही, तरी सगळे म्हणतात, "नाहीच मुळी, आजी!" एवढ्या हिंडण्याफिरण्याची सवय असलेली मी, दारातल्या दारात येरझारा घालते.

बाकी, परवा जरा एक गंमत झाली. विचारांच्या तंद्रीत मी भलताच जिना चढले आणि आमचंच घर समजून घंटा वाजवली. दार उघडलं तर समोर परकी बाई! क्षणभर मला काही म्हणजे काहीच उमगेना. मी कोणाच्या दारात आहे, कशाला आले आहे, काही नाही.

"काय हवं होतं, आजी?" तिने विचारलं.

"साखर," मी म्हणाले. "वाटीभर."

ती माझ्या रिकाम्या हातांकडे बघून हसली, आतून स्वतःचीच वाटी भरून आणली आणि मला घरापर्यंत पोचवून गेली. ती वाटी परत करायची आहे. कोणत्या मजल्यावरची, ते तेवढं आठवत नाहीये. पण हे हेडबाईंना सांगू नका हं!