आक्काला शेवट माहीत नसतो

आमच्या शेजारच्या शेवंताआक्कानं आजवर दीडदोनशे भीतीचे पिक्चर बघितले असतील, पण त्यातल्या एकाचाही शेवट तिला माहीत नाही.

दुपारी पणदऱ्यात सगळं गाव आडवं होतं, तेव्हा आक्का गोठ्यात पेंडीच्या पोत्याला मोबाइल टेकवून बसते. समोर चार जर्शी गाया रवंथ करत उभ्या, आणि मोबाइलात कुठली तरी गोरी बाई हिंदीत किंचाळत असते. पिक्चर ऐन रंगात येतो. मग त्या बाईला कुणीतरी एक जण, बहीण म्हणा, पोलीस म्हणा, सांगतो, "तुझं खरं आहे. माझा विश्वास आहे." की आक्काचा अंगठा पडलाच. पिक्चर बंद. "झालं," म्हणते आणि उठून गव्हाणीत वैरण टाकते.

मला अर्धवट गोष्टीचा भारी तिटकारा. शेवटचा ताकभात झाल्याशिवाय मी पानावरून उठत नाही. त्यामुळं सुरुवातीला माझं डोकंच फिरायचं.

"अगं, पण पुढं काय झालं?"

"मला काय म्हाईत?"

"मग दोन तास बघितलास कशाला?"

"बघायचं तेवढं बघितलं. तात्या, चा घेता का?"

बरं, भुताखेतांचं तिला चालत नाही. पांढरी साडी आणि उलटे पाय दिसले की "ह्ये पोराटोरांचं" म्हणून पुढं ढकलते. तिला लागतात ते डोक्यातले. घरात खरंच कुणी आहे का बाईच्या मनातच आहे, हे कळू नये असले. त्यांचे सगळे रिवाज तिला पाठ. नवराबायकोनं गावाबाहेर एकटं घर घेतलं, की संपलं. न्हाणीतल्या आरशाचं कपाट उघडलं, की मिटताना मागं कुणीतरी उभं असणार. पोरगं चित्र काढणार, त्यात घरातल्यांपेक्षा एक माणूस जास्त असणार. फोनला रेंज नसणार. डॉक्टर नवऱ्याला सामील असणार. आणि नवरा गोड आवाजात म्हणणार, "तू दमलीयस, आराम कर." इथं आक्का गायीला सांगते, "आला बघ आराम करवणारा!"

हे रिवाज ती गावालाही लावते. मी न्हाणीत आरशाचं कपाट बसवलं, तर येऊन म्हणाली, "तात्या, ह्याचं दार काढून टाका." मी काही काढलं नाही, पण खरं सांगतो, तेव्हापासून ते कपाट मी डोळे बंद करून मिटतो. गुरांच्या डॉक्टरनं तिच्या कपिलेला चार दिवस आराम सांगितला, तर त्याच्याकडं अशी बघत राहिली की बिचारा चहा न घेताच गेला.

तिच्या अंगणात एक शब्द मात्र बंद आहे. भास. कुणी म्हणालं उसात काहीतरी हललं, पत्र्यावर पाय वाजले, की आक्का काठी घेऊन हजर. बहुतेक वेळा मांजर निघतं. एकदा दगडूआबा म्हणाला, मेलेला भाऊ बांधावर दिसला. आक्का भर उन्हात त्याच्याबरोबर त्या बांधावर बसून आली. मी हसून म्हणालो, "भास असंल म्हाताऱ्याचा." त्या वर्षी तिची गाय व्यायली, तेव्हा सगळ्या आळीला खरवस पोचला, मला सोडून.

हे सगळं मी लोकांना रंगवून सांगायचो. गेल्या श्रावणापर्यंत.

आमच्या सुनेला, पूजाला, आई नाही. म्हणून बाळंतपण आमच्याकडंच केलं. मुलगी झाली. आठ-आठ दिवस आभाळ उघडत नव्हतं, घरात शेगडीचा धूर कोंदलेला. विसाव्या दिवशी पूजा म्हणाली, "पाळण्यापाशी कोणीतरी उभं राहतंय." माझ्या बायकोनं मीठमिरच्या उतरवल्या. मुलगा म्हणाला, "झोप नाही तुला, दमलीयस." आणि मी, मोठा शहाणा, म्हणालो, "भास आहे पोरी. आराम कर."

पूजा दुसऱ्या दिवशी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती पोरीला पदराखाली घेऊन कोपऱ्यात बसली आणि कुणाला हात लावू देईना. आमच्याकडं अशी बघायची, जणू आम्हीच चोर.

आक्काला कसं कळलं कोण जाणे, दुपारी पिक्चर टाकून आली. पूजाजवळ बसून विचारलं, "कुठं उभं ऱ्हातंय?" पूजानं बोट दाखवलं. आक्का उठली आणि नेमकी त्याच जागी जाऊन मांडी घालून बसली.

"आता हितं मी हाय. मला न्हाय दिसत, पर तुला दिसतंय न्हवं? मग तुझं खरं हाय. झोप तू."

पूजा हुंदके देऊन रडली. तिनं पोर दुसऱ्याच्या हातात दिलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा झोपली.

मग आक्का ओसरीवर आली आणि आमच्यावर अशी भडकली म्हणता! "मीठमिरच्या काय उतरवताय? गाडी काढा. बारामतीला मनाच्या डॉक्टरकडं न्या."

मी म्हणालो, "तुझ्या पिक्चरात तर डॉक्टर नवऱ्याला सामील असतो."

"मग मी येते संगं. तिचं तिला बोलू द्या. तुमी मधी तोंड घालू नका."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, बाळंतपणानंतर काही जणींना असं होतं, औषधानं बरं होतं, उशीर मात्र करायचा नसतो, वेळेवर आणलंत. हे ऐकलं आणि आक्का बाहेर बाकावर जाऊन बसली. मी पाणी घेऊन गेलो, ते तिनं तसंच बाजूला ठेवलं.

"माझ्या सुमीला बी असंच दिसत हुतं," ती म्हणाली.

सुमन तिची एकुलती लेक, इंदापूरकडं दिलेली. तान्हं बाळ घेऊन सासरी गेली आणि महिन्याच्या आत विहिरीवर पाय घसरून वारली, एवढंच आम्हाला माहीत.

"फोन केलता तिनं. म्हणली, आये, घरात कोनतरी हाय, माझ्या पोराला न्यायला बघतंय. मी म्हणले, भास हाय बाई, आराम कर. धारंची येळ झालती, फोन ठिवला. चौथ्या दिवशी निरोप आला." मग म्हणाली, "पाय न्हाय घसरला, तात्या."

माझेही शब्द तेच होते, अगदी तेच.

"पिक्चरात कोनतरी तिला म्हणतं, तुझं खरं हाय. तितवर मी बघते. तितवर मी पोचले असते, तर म्होरलं झालंच नसतं."

पूजा आता बरी आहे. दुपारी पोरीला घेऊन तीही गोठ्यात बसते. परवा मी दुधाला गेलो, तर पिक्चर चालू होता. त्यातली बहीण म्हणाली, "माझा विश्वास आहे," आणि आक्काचा अंगठा पुढं झाला. पूजानं मोबाइलच उचलून घेतला.

"आक्का, आज शेवटपर्यंत बघू की."

"तू बघ. मला वैरण टाकायची हाय."

आक्का पाठ करून गव्हाणीशी गेली. वैरण टाकून झाली, तरी कपिलेच्या पाठीवर हात ठेवून तिथंच उभी राहिली. मी पूजाच्या मागं होतो, मला सगळं दिसत होतं. ती बाई वाचली नाही.

"वाचली का गं?" आक्कानं न वळताच विचारलं.

पूजानं मोबाइल पोत्यावर पालथा घातला. "वाचली, आक्का."

आक्का वळली. पूजाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वाचली," मी म्हणालो.

"तुमी म्हणताय तर खरं," आक्का म्हणाली, आणि चहा ठेवायला घरात गेली.