सांबारवडीचं विमान

ताराला सातवा महिना लागला होता आणि तिच्या पोटात काहीच टिकत नव्हतं. ‘आई, तुझ्या हातची गरम सांबारवडी मिळाली तर खाईन,’ असं तिनं मुलुंडहून लिहिलं. पत्र वाचून नागपूरला प्रयागबाईंनी त्याच दिवशी विमानाचं तिकीट मागवलं.

"विमान काहून?" त्यांचे यजमान रुपराव ताडकन उठले. पंचवीस वर्षं ते रेल्वेत गार्ड होते. "पास हाये ना आपल्याजवळ! आठशे सदतीस किलोमीटर, सोळा तास. झोपून उठलं की मुंबई."

"सोळा तासात वडीचं चामडं होते. विमान सरळ जाते. सातशे किलोमीटर, दीड तास."

"मंग जा तू. मी आदल्या दिवशीच्या गाडीनं निघतो. तू येशीन तवा मी तारीकडं चहा पेऊन राहिलो असन, पाहून घे!"

रुपराव गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून प्रयागबाईंनी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, पन्नास वड्या तळल्या, डबा गोधडीत गुंडाळला आणि आठ वाजता सोनेगावचं विमानतळ गाठलं. तिथं कळलं की मुंबईहून यायचं विमानच अजून आलेलं नाही. नऊचं अकरा झालं, अकराचं एक. गोधडीत हात घालून त्या दर दहा मिनिटांनी डबा चाचपत होत्या. डबा गार पडत चालला होता आणि डोळ्यांपुढे चहा पिणारे रुपराव दिसत होते.

शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना उपाशीपोटी घेरी आली. कँटीनचा आचारी आला नव्हता. प्रयागबाईंना राहवेना. त्यांनी दोन वड्या दिल्या. झाकण उघडलं आणि वास पसरला. बाराच्या आत डबा रिकामा!

शेवटची वडी खाल्लेले कामठीचे मेजरसाहेब म्हणाले, "वा! मुंबईला कोणाकडे नेत होतात?"

प्रयागबाईंनी ताराचं सगळं सांगितलं. मेजरनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं. आजूबाजूचे ओशाळून हात पुसू लागले.

"नत्थूजी, बेसन हाये का गा?" प्रयागबाईंनी कँटीनवाल्याला विचारलं.

"बेसन हाये, मैदा हाये. सांबारही हाये दोन जुड्या. पण करन कोण?"

"मी करीन. अन् ज्यायनं खाल्ल्या ते बी करतीन."

मेजरसाहेबांनी सांबार चिरला. एका कापडाच्या व्यापाऱ्यानं मैदा मळला. घेरी आलेल्या गृहस्थांनी खुर्चीत बसून खोबरं किसलं. सारण परतून प्रयागबाईंनी तीस वड्या वळल्या आणि कच्च्याच डब्यात भरल्या. एवढ्यात विमान उतरलं.

दीडला निघालेलं विमान तीनला मुंबईत होतं. मेजरना घ्यायला जीप आली होती. त्यांनी प्रयागबाईंना थेट मुलुंडच्या दारात सोडलं.

"बाबा कुठं हायेत वं?" घरात पाऊल टाकताच त्यांनी विचारलं.

"आले नाहीत अजून. त्यांच्या गाडीपुढं मालगाडी घसरली म्हणे," तारा म्हणाली.

प्रयागबाईंनी हसू दाबलं आणि कढई चढवली. तारानं पहिली वडी फुंकर मारत खाल्ली, मग दुसरी. नऊ वड्या झाल्या. अर्धा तास दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. सगळ्या टिकल्या! आनंदानं प्रयागबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

सहाला धुळीनं माखलेले रुपराव दारात उभे राहिले. प्रयागबाईंनी त्यांच्यासमोर कढईतली वडी ठेवली. त्यांनी घास घेतला आणि जीभ पोळून ते ओरडले.

"अरे बापरे! नागपूरहून इतकी गरम?"

"विमान हाये ते," प्रयागबाई म्हणाल्या आणि पुढचा घाणा कढईत सोडला.