खिशात कागद होता

तळवड्याचे दत्तूकाका बुडाले ते खंडेनवमीनंतरच्या पाचव्या मंगळवारी, कोर्टाचं दप्तर बंद झालं तेव्हा. त्या दिवशी त्यांचं बिल थकून तीन वर्षं पुरी झाली आणि चाकणच्या सुदामशेठवर दावा लावायचा त्यांचा हक्क संपला.

आमच्या गाळ्यांच्या रांगेत काकांच्याच खिशाला पेन नव्हतं, व्हर्नियर होतं. त्यानं ते वडापावचा पावसुद्धा मोजायचे आणि टपरीवाल्याला ऐकवायचे, "कालच्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी भरला, राव." मी लहान वर्कशॉपवाल्यांच्या संघटनेचं काम करते. माझं पत्रक त्यांनी वाचलं नाही, व्हर्नियरच्या जबड्यात धरलं. "पॉइंट झिरो आठ. कागद पातळ वापरलास, पोरी."

पत्रकात साधं होतं. थकलेल्या बिलाचा दावा तीन वर्षांत लावा. जमत नसेल तर मुदत संपायच्या आत देणेकऱ्याकडून 'एवढं देणं लागतो' असं लिहून सही घ्या. त्या दिवसापासून तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. तोंडी वायद्यानं एक दिवसही वाढत नाही.

"शब्दाला टॉलरन्स नसतो," काका म्हणाले. मापात केसभर इकडंतिकडं चालतं, दिलेल्या शब्दात नाही, असं त्यांचं गणित.

शब्द सुदामशेठचा. दोघं पोरवयात एकाच लेथवर काम शिकलेले. पुढं सुदामशेठनं कारखाना काढला, काकांकडून माल करून घेतला आणि पैसे थकवले. पण दर खंडेनवमीला गाडी काकांच्या दारात. मशीनपुढचा नारळ फोडायचा तो त्यानंच. "दत्त्या, पुढच्या महिन्यात नक्की." एवढ्यावर काका खूश.

तिसऱ्या खंडेनवमीला मी दोन ओळी टाइप करून आणल्या आणि कागद काकांच्या खिशात कोंबला, वर माझं पेन. सुदामशेठ आला, दोन पेढे खाऊन गेला. कागद खिशातच.

"का नाही काढलात?"

"पाव्हण्याफुडं कागद काढायचा व्हय?"

"मग दावा लावू. महिना आहे अजून हातात."

"बघू की."

मी त्यांना भेकड म्हणाले. सगळ्या रांगेसमोर. ते मला अजून सलतं.

मुदत उलटली. त्या पैशांच्या भरवशावर घेतलेलं नवं मशीन फायनान्सवाले उचलून घेऊन गेले. उरला जुना लेथ. पुढच्या खंडेनवमीला मी गेले तर त्याला झेंडूचा हार होता, पुढं नारळ, आणि पेढ्यांच्या ताटल्या दोन. काकू जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. दुसरी कुणाची, हे मी विचारलं नाही. दुपार टळली तरी काका रस्त्याकडंच बघत होते.

मग त्यांनी खिशातून घडी काढली. माझाच कागद, वर्षभर घामानं मऊ झालेला.

"तारीख मला ठावं हुती गं. सही मागितली असती तर तो परत आला नसता. मला दत्त्या म्हणणारा तेवढाच ऱ्हायलाय."

"न मागताही आला नाही, काका."

"व्हय," ते म्हणाले, आणि दुसरी ताटली माझ्यापुढं सरकवली. नारळ मात्र फोडू दिला नाही.

तुमचं जुन्यात जुनं बिल आज बाहेर काढा. मुदत उरली असेल तर सही घ्या, पाव्हणा असला तरी घ्या. आणि तुम्हीच कुणाचे सुदामशेठ असाल तर तीन वर्षं मोजत बसू नका. मुदतीनं दावा मरतो, देणं मरत नाही. पैसे घेऊन त्याच्या दारात जा. नारळ तुमच्यासाठी ठेवलाय.