महादेवजींचं सुलेशन

पोस्टाच्या खिडकीशी खरं बोलणारा माणूस मी बावीस वर्षांच्या नोकरीत एकच पाहिला.

"पार्सलात काय आहे?" असं आम्हाला विचारावंच लागतं. लोक म्हणतात, "कपडे." लोणच्याची बरणी असली तरी कपडे, अत्तर असलं तरी कपडे. पुडक्यातून तेल गळत असतं आणि माणूस माझ्या डोळ्यांत बघून कपडे म्हणत असतो. महादेवजी मात्र पार्सल ठेवत, टोपी सारखी करत आणि गंभीरपणे सांगत, "मॅडम, सायकलचं सामान हाय. त्याच्यात सुलेशनची नळी हाय. आग धरते."

सुलेशन म्हणजे पंक्चरवर ठिगळ चिकटवायचा रबरी डिंक. लवकर पेटतो, म्हणून टपालात बंदी. मी नाही म्हणायची. "नियम म्हंजे नियम," असं ते उलट मलाच समजावत आणि पार्सल उचलून निघून जात. पुढच्या सोमवारी पुन्हा हजर! तेच पार्सल, तीच नळी.

समुद्रपूरच्या बसस्टँडजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून ते गिऱ्हाइकाला सांगतात, "पंक्चर लपत नाई भाऊ. पाण्यात घातलं का बुडबुडा येतेच." हे वाक्य ते कुठंही लावत. माझ्या नवऱ्याची दाढ दुखत होती, तर त्यांनाही हेच ऐकवलं. वर पाण्याची चूळ भरायला लावली.

आमच्या भिंतीवर बंदी असलेल्या वस्तूंची यादी आहे. ती वाचणारेही महादेवजी एकटेच. वाचून झाली की माझी परीक्षा सुरू.

"स्पोक चालते?"

"टोकं झाकून चालतील."

"चेन?"

"तेल पुसून."

"तेलाची डबी? बॅटरीवाल्या सायकलची बॅटरी?"

"दोन्ही नाही."

"अन् हवा भरलेली ट्यूब?"

मी जरा अडखळले. "हवा सोडून द्या बाबा."

"बाप्पा! म्हंजे हवा बी धोक्याची!" ते मागं वळून रांगेलाच सांगू लागले, "तीस वर्सं झाले, म्या हवाच भरून राह्यलो ना गावाची!" रांगेतल्या पेन्शनवाल्या बायकांनी कपाळाला हात लावले.

पार्सल पांढऱ्या कापडात स्वतःच्या हातानं शिवलेलं असे, टाका एकसारखा. पत्ता अकोल्याचा, नाव वैशाली.

"मुलगी का?" मी एकदा विचारलं.

"हो. सायकल हाय तिच्यापाशी. म्याच जोडून देल्ली." एवढंच. एरवी बोलून बोलून डोकं उठवणारा माणूस पार्सल उचलून निघूनही गेला.

सातव्या सोमवारी माझा पारा चढला. जेवणाच्या सुट्टीची वेळ, रांग संपलेली आणि हे समोर उभे. "अहो महादेवजी, अकोल्यात सुलेशन मिळत नाही काय? नळी काढा, बाकीचं मी आत्ताच्या आत्ता पाठवते!" मी कात्री घेतली आणि टाक्याला लावली.

त्यांनी दोन्ही हात पार्सलावर ठेवले. हात वंगणानं काळे पडलेले होते.

"राहू द्या, मॅडम."

"पण काऊन?" मीही त्यांच्याच बोलीवर आले.

त्यांनी यादीकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तिनं तिच्या मर्जीनं लगन केलं. म्या गेलो नाई. त्या दिवशी दुकान उघडं ठेवून बसलतो. तिचा फोन आलता, उचलला नाई. मंग तिचाई बंद झाला. तीन वर्सं झाले." त्यांनी पार्सल जवळ ओढलं. "तुमी परत करता तं नियमानं परत येते. मनाले लागत नाई. पन तिनंच परत पाठोलं तं, मॅडम?"

मी कात्री खाली ठेवली. खिडकीशी खरं बोलणारा हा एकुलता एक माणूस, सात आठवडे त्या नळीच्या आड लपून बसला होता. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली.

"पंक्चर लपत नाही, महादेवजी," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. मग कात्री घेऊन स्वतःच टाके उसवले, नळी काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि तिथंच उभ्यानं पार्सल पुन्हा शिवलं. या खेपेला टाके वाकडेतिकडे पडले. मी ते तसंच वजन करून घेतलं आणि अकोल्याला लावलं.

पुढचे आठ-दहा दिवस ते रोज टपालाची थैली यायच्या वेळेला पायरीशी येऊन उभे राहायचे. विचारायचे काही नाही. खरं सांगते, थैली उघडली की मीसुद्धा आधी परत आलेलं पांढरं कापड दिसतं का तेच बघत होते. दिसलं नाही की सुटल्यासारखं वाटायचं.

मग एका दुपारी महादेवजी आले ते रांग मोडून, टोपीशिवाय. हातातलं पोस्टकार्ड त्यांनी खिडकीतून आत सरकवलं. "वाचा!"

'बाबा, ट्यूब भेटली, चेन भेटली, स्पोक भेटले. पंक्चर कायनं जोडू? सुलेशन काऊन नाई पाठोलं? वैशाली.'

"पाहा! म्या सांगून राह्यलतो का नाई! आयकाल तवा ना!" ते माझ्यावर ओरडत होते आणि डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं. 

ओरडून झाल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून ती नळी काढली आणि खिडकीपाशी तोंड आणून विचारलं, "मॅडम, एसटीत चालते का हे?"

"एसटीची यादी माझ्याकडे नाही," मी म्हणाले. "कंडक्टरनं विचारलं तर कपडे म्हणा."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की बावीस वर्षांत मला पहिल्यांदा त्या खुर्चीत लाज वाटली.

"कपडे काऊन म्हनू?" ते म्हणाले. "लेकीकडं चाललो म्हनून सांगीन ना."