कोंडवाड्यातल्या घागरी

निवळगाव नगरपालिकेत मडिवाळप्पा अकरा वर्षं रोजंदारीवर मुकादमी करत होता. त्याला कायम करावं असा ठराव नगरपालिकेने तीनदा एकमताने केला होता, आणि जिथे चहा कुठून मागवायचा यावरही मतदान होत असे तिथे हे नवलच म्हणायचं. पहिला ठराव उस्मानाबादला गेला आणि तिथेच राहिला. दुसरा पोचेपर्यंत लातूर जिल्हा वेगळा झाला. उस्मानाबादवाले म्हणाले, तुमची फाइल लातूरला धाडली. लातूरवाले म्हणाले, आमची अजून कपाटंच आलेली नाहीत. तिसरा ठराव पिशवीत घालून मडिवाळप्पा स्वतः एस.टी.ने लातूरला गेला, तर कलेक्टरसाहेब दुष्काळाच्या दौऱ्यावर गेलेले. आता तोच दौरा करत करत साहेब निवळगावला येणार होते, मंगळवारी सकाळी अकराला.

"मडिवाळप्पा, नीट ऐका," मुख्याधिकारी म्हणाले. ते नाशिककडचे होते आणि त्यांना येऊन सहाच महिने झाले होते. "नाक्यापासून हौदापर्यंत रस्ता मोकळा पाहिजे. एक वस्तू दिसता कामा नये. साहेब खूश झाले तर तुमचा कागद मी स्वतः पुढे करतो. नाही झाले, तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका."

"एक काडी दिसायची न्हाई, साहेब."

मडिवाळप्पाने हे सांगून टाकलं आणि मग जीभ चावली. कारण नाक्यापासून हौदापर्यंत रस्त्यावर नंबर लागलेले होते.

त्या उन्हाळ्यात टँकर दर तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला यायचा, हौदात रिकामा व्हायचा, आणि हौदाला तोटी एकच होती. दोन-दोन दिवस उन्हात कोण उभं राहणार? म्हणून बायका आपली घागर रांगेत ठेवून घरी जात. ज्यांना घरची घागर अडकवून ठेवणं परवडत नसे त्या एखादा धोंडा ठेवत, फुटका डबा ठेवत, नाहीतर नवऱ्याची एक चप्पल. धोंडा म्हणजे माणूसच. त्याला कुणी पायानेही सरकवत नसे. मंगळवारच्या टँकरसाठी असे एकशे त्रेचाळीस नंबर लागले होते. त्यात घागरी ब्याऐंशी, बाकी धोंडे आणि चपला. सगळ्यात पुढे, तोटीच्या खाली, मडिवाळप्पाच्या बायकोची, नागम्माची पितळी घागर होती. शनिवारपासून.

मडिवाळप्पाने विचार केला. हौदाशेजारी नगरपालिकेचा कोंडवाडा होता. मोकाट जनावरं कोंडायची जागा. पण जनावरं सगळी चारा-छावणीला गेलेली, त्यामुळे रिकामा. घागरी तासभर तिथे ठेवायच्या, साहेब गेले की परत रांगेत मांडायच्या. बेत काही वाईट नव्हता. त्याने सकाळी आठ वाजता चार माणसांना बोलावून बजावलं, "घागरी ओळीनं उचला अन् ओळीनं ठिवा. नंबर हलला तर गाव मला ठिवायचं न्हाई." आणि तो नाक्यावर कमान बांधायला गेला.

माणसं कामाची होती. काम लवकर उरकावं म्हणून दोघांनी हौदाकडून सुरुवात केली आणि दोघांनी नाक्याकडून. कोंडवाड्याच्या दारात दोन्ही जोड्यांची गाठ पडत होती, आणि जो पुढे येईल तो घागर आत ठेवत होता. ओळीनेच ठेवत होता, हे मान्य करायला हवं. धोंड्यांबद्दल मडिवाळप्पा काही बोलला नव्हता. तेव्हा धोंडे, डबे आणि चपला त्यांनी कचरा म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरल्या आणि गावाबाहेर नाल्यात टाकून आले.

साडेनऊला केवळाबाई आपला धोंडा बघायला आली. केवळाबाई म्हणजे भीमनगरातली साठीची म्हातारी, आवाज असा की नाक्यावर कमान बांधणाऱ्या माणसालाही नीट ऐकू यावा.

"मडिवाळाऽ! माजा धोंडा कुटंय?"

मडिवाळप्पा धावत आला. रस्ता आरशासारखा लखलखीत होता. त्याने कोंडवाड्यात डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, दुसरा धोंडा देतो."

"दुसरा कामून? त्येला तिसरा नंबर हुता. तुज्या धोंड्याला कोन वळखतंय?"

दहा वाजेपर्यंत कोंडवाड्यापुढे सव्वाशे बायका जमल्या. मडिवाळप्पाने दार उघडून हात जोडले आणि म्हणाला, "आपापली घागर घ्या अन् जिथल्या तिथं ठिवा. जिचा धोंडा असंल तिनं सोता उभं ऱ्हावं." ऐकायला हे फार सोपं वाटलं. पण आपला नंबर कितवा होता हे ज्या बाईला विचारावं ती पहिल्या दहांतच होती. पहिल्या दहांत अशा साठ बायका निघाल्या.

"पैला नंबर माजा हाय," नागम्मा म्हणाली. "शनवारपासून."

"तुजा असनारच की," मागून कुणीतरी म्हणालं. "घागरी हलवनारा कोन? तुजाच नवरा!"

खरं बोलणारी बाई गावात एकच होती, आणि नेमकी तिच्यावरच कुणाचा विश्वास बसेना. मडिवाळप्पाला हे बघवलं नाही. पण तिची बाजू घ्यावी तर बोंब आणखी वाढणार.

नगराध्यक्ष साहेबराव हे हातात हार घेऊन कलेक्टरांसाठी आले होते, ते या गर्दीत सापडले. त्यांना एक युक्ती सुचली. "आरं, घागरीवर नावं असत्यात की कोरल्याली. नावं वाचा, मालकीन ठरवा. मग नंबराचं बगू."

मडिवाळप्पाने पहिली घागर उचलून वाचली, "साहेबराव यांजकडून सप्रेम भेट."

"ती आमची नसंल. दुसरी वाच."

"साहेबराव यांजकडून सप्रेम भेट."

तिसरीवर तेच. गेल्या दोन निवडणुकांत साहेबरावांनी गावातलं एकही लग्न सोडलं नव्हतं. प्रत्येक लग्नात घागर, आणि प्रत्येक घागरीवर स्वतःचं नाव, ठळक. ब्याऐंशीपैकी पंचावन्न घागरींवर साहेबराव होते. त्यातली एक मोठी तांब्याची घागर मात्र खरोखर त्यांच्या घरची होती. ती त्यांच्या पत्नी धुरपताबाईंनी गड्याकरवी रांगेत ठेवली होती आणि त्यांच्या मते ती सगळ्यात पुढे होती.

हे ऐकून नागम्माने पदर खोचला. मुख्याधिकारी घड्याळ बघत म्हणाले, "अध्यक्षसाहेब, सभा घ्या. ठराव करा. काहीही करा, पण अकराच्या आत." नऊ नगरसेवक हजर होते, तेव्हा कोंडवाड्याच्या लिंबाखालीच विशेष सभा भरली. घर नंबराप्रमाणे रांग लावावी असा पहिला ठराव आला. घर नंबर एक साहेबरावांचं निघाल्यामुळे विरोधकांनी सभात्याग केला, म्हणजे लिंबाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. मग बायकांच्या वयाप्रमाणे रांग लावावी असा ठराव आला. तेव्हा धुरपताबाईंनी भर सभेत आपलं वय बत्तीस सांगितलं. त्यांचा थोरला मुलगा सत्तावीस वर्षांचा होता आणि नगरसेवक म्हणून तिथेच बसला होता. त्याने तटस्थ राहायचं ठरवलं.

इतक्यात जीप आली. पंधरा मिनिटं आधी.

अकरा वर्षं गेली, आता गेलंच सगळं, असं मडिवाळप्पाला वाटलं. त्याने नागम्माला बाजूला ओढलं. ती दाराशी सगळ्यात पुढे उभी होती आणि हटायला तयार नव्हती.

"अगं, जरा मागं हो. तू पुडं दिसलीस की ह्या बाया पुन्यांदा कालवा करतेल. साहेब समोर हायेत. आजच्या दीस."

"माजा नंबर पैला हाय."

"म्हाईत हाय मला. पर माजा कागद..."

नागम्माने त्याच्याकडे पाहिलं. तो तीनदा ठराव घेऊन घरी आला होता, तीनदा तिने देवापुढे साखर ठेवली होती. ती चालत गेली आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी राहिली.

कलेक्टर तरुण होते, नव्या जिल्ह्यासारखेच. ते थेट कोंडवाड्यात शिरले. आत ब्याऐंशी घागरी ओळीने मांडलेल्या, बाहेर सव्वाशे-दीडशे बायका गप्प उभ्या. त्यांनी एक घागर उचलून वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचली. मग वळून साहेबरावांचा हात दोन्ही हातांत धरला.

"साहेबराव तुम्हीच ना? दुष्काळी कुटुंबांना स्वतःच्या पदरच्या घागरी? मी सात तालुके फिरलो, हे कुठेच पाहिलं नाही."

जिल्ह्याचा कलेक्टर हात धरून उभा असताना 'तसं काही नाही' असं म्हणायला फार मोठं धैर्य लागतं, आणि ते साहेबरावांच्या घराण्यात नव्हतं.

"आपलं कर्तव्य हाय, साहेब," ते म्हणाले.

"मग वाटप माझ्या हस्ते होऊ द्या. बाई, या तुम्ही पुढे."

पुढे केवळाबाई होती. तिचा नुसता धोंडा गेला होता, पण पुढे ये म्हटल्यावर मागे राहणाऱ्यांतली ती नव्हती. कलेक्टरांनी सगळ्यात मोठी, तांब्याची घागर उचलून तिच्या हातात दिली. फोटो निघाला. धुरपताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. साहेबराव टाळ्या वाजवत होते.

वाटप तासभर चाललं. जिला जी मिळाली तिने ती घेतली, कारण साहेबांपुढे 'ही माझी नव्हे' म्हणणं बरं दिसत नव्हतं. मुख्याधिकारी नावं लिहून घेत होते. घागरी ब्याऐंशीला संपल्या. "उरलेल्या एकसष्ट जणींना साहेबराव आठ दिवसांत देतील," असं कलेक्टरांनी परस्पर जाहीर केलं. यादीत शेवटचं नाव नागम्माचं लागलं. कलेक्टरांनी सगळी यादी वाचून खाली सही केली आणि म्हणाले, "उत्तम. पाण्याचं वाटपही याच क्रमाने करा. यात कुणी बदल करायचा नाही. आणि ही व्यवस्था कुणी केली?"

साहेबरावांना रागाचं कुठेतरी वाटप करायचंच होतं. त्यांनी मडिवाळप्पाला मानगुटीला धरून पुढे केलं. "ह्यानं, साहेब. हे समदं ह्यानंच केलंय!"

"शाब्बास. काय पदावर आहात?"

"रोजंदारी, साहेब. अकरा वर्सं," मडिवाळप्पा म्हणाला, आणि त्याला रडूच फुटलं. कलेक्टरांना वाटलं, किती नम्र माणूस. मुख्याधिकाऱ्यांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे कागद पुढे केला. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर ठेवून त्यावर शेरा मारला.

जीप गेल्यावर बायकांनी घागरी ओळखून आपापसांत बदलून घेतल्या. धुरपताबाईंनी गड्याला केवळाबाईकडे पाठवलं, तेव्हा ती म्हणाली, "कलेक्टरनं हातात दिली हाय. त्येंची चिठ्ठी आन." साहेबरावांनी एकसष्ट नव्या घागरी आणल्या. त्यांच्यावर नाव कोरू का, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा ते त्याच्या अंगावर धावून गेले.

पंधरा दिवसांत मडिवाळप्पाचा हुकूम आला. नागम्माने देवापुढे साखर ठेवली, यावेळी घरात जेवढी होती तेवढी. कायम मुकादमाचं पहिलं काम ठरलं, टँकरच्या दिवशी हौदावर उभं राहून यादी वाचायची. त्याने खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. एक, केवळाबाई. केवळाबाई तांब्याची घागर घेऊन डुलत आली. एकशे अठराव्या नावानंतर तोटीने आवाज केला आणि हवा आली. त्याने पुढची पंचवीस नावं कोरडीच वाचली. शेवटचं नाव नागम्माचं. नागम्मा रिकामी घागर घेऊन घरी गेली.

तो दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांकडे गेला. "साहेब, एक नंबर जरा..."

"त्या यादीवर कुणाची सही आहे?" मुख्याधिकारी म्हणाले. विषय संपला.

"चुकलं माजं," तो घरी येऊन म्हणाला. "तुला मागं हो म्हनायला नगं हुतं."

नागम्मा भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "कायम झाल्याल्या मानसाला रजा असत्यात म्हनं?"

"हाव. वर्साला बारा."

"अन् त्या संपल्यावर?"

"आजारपनाच्या येगळ्या असत्यात."

"बसवंताच्या मळ्यातल्या हिरीला अजून पानी हाय. दीड कोस. सायकलला चार घागरी बसत्यात."

रोजंदारीच्या अकरा वर्षांत मडिवाळप्पाने कधी रजेचा अर्ज लिहिला नव्हता. तो त्याने मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, पाणी आणणे.

"अहो, पण उद्या टँकरचा दिवस आहे. यादी कोण वाचणार?"

"केवळामावशीला तोंडपाठ हाय, साहेब," मडिवाळप्पा म्हणाला. "पयल्यापासून एकशे अठरापस्तोर."

मुख्याधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, नियमाचं पुस्तक उघडलं, मिटलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता नगरपालिकेचा कायम मुकादम उन्हातून सायकल ढकलत मळ्याच्या वाटेने चालला होता, दोन्ही बाजूंना दोन-दोन घागरी लावून. तिकडे हौदावर केवळाबाई नावं पुकारत होती. तिचा आवाज गावाच्या पार पलीकडेपर्यंत जात होता. पण नागम्माला तो ऐकू आला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच टँकरच्या दिवशी ती दाराला कडी लावून गाढ झोपली होती.