अप्पांच्या दहाव्याची वाईन

अप्पा कर्णिकांच्या दहाव्याला कावळा वेळेवर आला, त्यानं पिंडाभोवती एक फेरी मारली आणि सोबतची पांढरी वाईन कुठे आहे असं विचारलं.

"वाईन नाहीये," श्रीरंग म्हणाला. हा अप्पांचा एकुलता एक मुलगा. नुकतंच क्षौर झालेलं, त्यामुळे संगम माहुलीच्या घाटावरचं एप्रिलचं ऊन त्याच्या टाळूला चांगलंच जाणवत होतं. "भात आहे, तीळ आहेत. त्यांना आवडायची म्हणून खारी बिस्किटंही आणलीत."

"त्यांच्या अर्जात वाईन आहे," कावळा म्हणाला. "फ्रान्सची. पांढरी. साध्याच दर्जाची, पण पैसे वसूल होतील अशी. मी माझ्या मनाचं काही सांगत नाही."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. अप्पांनी उभ्या आयुष्यात कोकम सरबतापलीकडे काही घेतलं नव्हतं. पाटणकर गुरुजींना मात्र यात नवल वाटलं नाही. मागच्या आठवड्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांना स्पेनची लाल हवी होती, ती पुण्याहून मागवावी लागली, असं त्यांनी सांगितलं आणि दर्भाच्या जुडीखालून बूच काढायचा स्क्रू काढून पाटावर ठेवला.

अप्पांच्या पत्नी कुमुदिनीबाई पायरीवर बसून होत्या. 'पैसे वसूल' हे शब्द ऐकल्याबरोबर अर्ज ह्यांचाच आहे याबद्दल त्यांची खात्री पटली. अप्पा बाजारातले पट्टीचे माणूस. आंबा घ्यायचा तर ज्या गावाचं नाव पेटीवर छापतात त्या गावचा नाही, त्याच्या शेजारच्या गावचा. तोच वारा, तीच माती, फक्त नाव नाही म्हणून भाव कमी, हा त्यांचा सिद्धान्त. पापलेट त्यांनी निवडायचं, पंखा त्यांनी निवडायचा, बाईंच्या साड्या आणि चष्म्याची दांडीसुद्धा त्यांनीच. लग्न होऊन आल्यापासून बाजाराची पिशवी बाईंच्या हातात कधी आलीच नाही. अलीकडे दुपारचे ते मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या वस्तूंचे भाव बघत पडलेले असत. त्यात वाईनही असणार.

श्रीरंगनं गाडी काढली आणि साताऱ्यातून एक बाटली घेऊन आला. सोनेरी अक्षरं, जड काच. कावळ्यानं मान तिरकी करून लेबल वाचलं.

"शाब्ली. चांगली असते. पण यात निम्मे पैसे नावाचे आहेत. उघडू नका, परत होईल."

श्रीरंग पुन्हा गेला आणि या खेपेला दुकानातली सगळ्यांत स्वस्त फ्रेंच बाटली घेऊन आला. गुरुजींनी ती द्रोणात ओतली. कावळ्यानं चोच बुडवली आणि पायरीच्या दगडावर दोन्ही बाजूंनी घासून पुसली.

"ही स्वस्त आहे," तो म्हणाला. "त्यापलीकडे हिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही."

"अहो, मग नाव सांगून टाका ना!" श्रीरंगचा आवाज चढला.

"नाव सांगण्याचा अधिकार मला नाही. शिवाय अर्जाच्या खाली आणखी एक ओळ आहे. खरेदी सौ. कुमुदिनी हिनं स्वतः करावी."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही. निघालात."

गुरुजी खाकरले. "सौ. नव्हे. श्रीमती म्हणा."

"अर्जात सौ. आहे," कावळा म्हणाला. "मी आहे तसं वाचतो."

कुमुदिनीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि नाही जमलं मला तर?"

"ऊन डोक्यावर आलं की दर्भाचा कावळा करून त्याच्याकडून शिवून घ्या. शास्त्रात सोय आहे, आमची हरकत नाही. फक्त मग ते पुढे जाणार नाहीत. घरी येतील."

"घरी म्हणजे?"

"घरीच. स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्या अडकवायची खुंटी आहे ना, तिथे राहतील. बोलतील. बाहेर जाता येणार नाही."

बाईंना ते ऐकून फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्या गाडीत जाऊन बसल्या.

वाईनच्या दुकानाचे मालक बाबर यांनी त्यांना खुर्ची दिली.

"काकू, परवाना काढावा लागंल. पिणार कोण?"

"ह्यांच्यासाठी हवीय."

"वय?"

"एक्क्याऐंशी."

"आलेत का बरोबर?"

"घाटावर आहेत."

"दहावा का?"

"हो."

"मग चालतंय. नाव सांगा," बाबर म्हणाले, आणि त्यांनी अप्पांच्या नावे एक दिवसाचा परवाना फाडून दिला.

फ्रान्सचा कप्पा भिंतीच्या कोपऱ्यात होता. सोनेरी अक्षरांची शाब्ली परत येऊन आपल्या जागी बसली होती. बाईंनी ती उचलली. हीच नेली की झालं. कावळा मान फिरवेल, गुरुजी दर्भाचा कावळा करतील आणि संध्याकाळी कुकर लावताना दारामागून आवाज येईल की तांदूळ जुना आहे, पाणी जास्त घाल. कधी एकटीनं जेवावं लागणार नाही. श्रीरंग त्याच्या घरी परत गेल्यावर कुणाशी बोलायचं हा प्रश्न त्यांना गेले नऊ दिवस खात होता, आणि त्याचं उत्तर आता हातात होतं, तेही जड काचेचं.

त्या बाटली घेऊन गल्ल्यापर्यंत गेल्या. तिथे त्यांच्या मनात आलं की खाली भाजीवाल्याची हाक येईल आणि ह्यांना उतरता येणार नाही. पापलेटाचा हंगाम येईल, कुणीतरी भलतंच पापलेट घरात आणेल आणि ह्यांना ते खुंटीवरून नुसतं बघावं लागेल. तापातसुद्धा मंडईत जाऊन आलेला माणूस. त्याला दारामागे अडकवून ठेवायचं, तेही आपल्याला करमत नाही म्हणून?

बाईंनी बाटली परत नेऊन ठेवली. डोळे पुसले. मग त्यांनी अप्पांनी जन्मात केली नसती अशी गोष्ट केली. त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"तुम्ही स्वतःच्या घरी यातली कुठली नेता हो?"

हा प्रश्न बाबरांना गिऱ्हाइकानं कधी विचारला नसावा.

"आम्ही व्हय? आम्ही ही नेतो." त्यांनी खालच्या फळीवरून एक साधी, सडपातळ बाटली काढली. "मस्कादे. समुद्राकडची हाय. हलकी, आंबटसर. माशासंगं लय झ्याक लागती. नाव कुणाला ठावं नाही, म्हणून पडून राहती, अन् म्हणूनच भाव चढला नाही. लेबलावरचं साल तेवढं ताजं बघून घ्यायचं. ही ठेवायची न्हाई, प्यायची."

साल ताजं होतं. लेबलावर एक छोटी होडी होती. बाईंना होडी आवडली. सांगितले तेवढे पैसे देऊन त्या निघाल्या.

घाटावर आल्यावर कावळ्यानं बाटली गार नसल्याचं निदर्शनास आणून दिलं. श्रीरंगनं ओल्या पंच्यात गुंडाळून ती नदीत धरली. ऊन चढत होतं. गुरुजी एकदा आभाळाकडे आणि एकदा दर्भाकडे बघत होते. बाटली गार झाली, बूच निघालं, नवा द्रोण भरला. कावळ्यानं चोच बुडवली, मान वर केली आणि घोट खाली जाऊ दिला.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "आंबट आहे, पण टोचत नाही. दिलेल्या पैशांपेक्षा जास्त आहे."

श्रीरंगनं सुटकेचा श्वास सोडला. कावळा मात्र जागचा हलला नाही.

"ते विचारतायत, घासाघीस केली का?"

"नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

कावळ्यानं थोडा वेळ ऐकून घेतलं. "ते म्हणतायत, त्यानं कमी केले असते."

"केले असते."

"ते म्हणतायत, दोन घेतल्या असत्यास तर नक्कीच केले असते. शेजारच्या फळीवरचीही विचारायची होतीस, असं म्हणतायत. आणि—"

"त्यांना सांगा," बाई म्हणाल्या. "मी मागितलेच नाहीत कमी. मला बाटली आवडली, मी घेतली. आता जा म्हणावं."

कावळ्यानं निरोप पोहोचवला. मग तो दोन पावलं पुढे सरकला आणि पिंडाला शिवला.